फ्लॉपीवरचं कुंकू

कॉम्प्युटर घ्यायचा म्हटला की ओळखीचे लोक अजून मलाच विचारतात, आणि मी सांगतो. मशीन बिघडल्यावर जो घरी येईल त्याच्याकडूनच घ्या. घरातलं अर्थिंग आधी तपासा. खिडकीजवळ ठेवू नका. महत्त्वाच्या कामाची नक्कल काढत जा, आणि नुसती काढून थांबू नका, दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. हे शेवटचं सांगताना माझा आवाज चढतो असं बायको म्हणते. का चढतो, ते तिलाही मी बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

नव्वदच्या आसपास मी सोलापूरहून मद्रासला नोकरीसाठी आलो आणि वेस्ट मांबलमला खोली घेतली. दिवसा कंपनीत यंत्रदुरुस्ती, संध्याकाळी आणि रविवारी लोकांना कॉम्प्युटर जोडून देणं. त्याच गल्लीत तंजावरकडचं एक मराठी जोडपं राहत असे. काका रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, काकी घर सांभाळणाऱ्या. एकुलती एक मुलगी तेव्हा कॉलेजच्या हॉस्टेलवर होती. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावणारी. ती मला तशीच्या तशी लिहिता येणार नाही, जवळपास देतो.

मी सोलापूरचा आहे हे कळल्यावर काका पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुम्ही लोक फार सावकाश चालता बुवा. आम्ही तीनशे वर्षांपूर्वी निघालो, तुम्ही आत्ता पोचताय!"

काकांना एक शब्दकोश करायचा होता, त्यांच्या घरांतल्या मराठीचा. पोळी करपली तर काय म्हणतात, रुसलेल्या मुलीला काय म्हणतात, विहिणीला टोमणा कसा मारतात. लग्नात, बारशात म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसून त्यांनी चिटोऱ्यांवर हे सगळं टिपून ठेवलं होतं. "आमची मुलगी तमिळमध्ये भांडते," ते म्हणायचे, "आणि ज्या भाषेत माणूस भांडत नाही ती भाषा घरातून गेलीच म्हणून समज."

तर त्यांचा कॉम्प्युटर मी जोडून दिला. देवनागरी उमटावी म्हणून आत एक वेगळं कार्ड बसवावं लागलं. काकांना तो हॉलमध्ये, खिडकीखाली हवा होता, आल्यागेल्याला दिसेल असा. मी नको म्हटलं. या गावची हवा खारी, कार्डांचे सोनेरी दात गंजून काळे पडतात, मग खोडरबराने घासत बसावं लागतं. जमिनीवर तर मुळीच नको, कार्तिकात, इकडच्या पावसाळ्यात, गल्लीत गुडघाभर पाणी येतं. आतल्या भिंतीला, उंच टेबलावर ठेवा. आणि वीज कधी ढेपाळते, कधी उसळते, म्हणून स्टॅबिलायझर आधी आणा, कॉम्प्युटर मागून.

"अय्यो, नवरीच्या आधी करवली?" काकी हसल्या.

पण माझं सगळं ऐकलं ते काकींनीच. मशीनची देखभाल म्हणाल तर ती त्यांचीच. त्यांनी जुन्या पट्टुसाडीची सुंदर खोळ शिवली होती. रेशीम वीज धरतं, असं मी म्हणालो तर दुसऱ्या दिवशी काकांच्या सुती वेष्टीची, म्हणजे धोतराची, खोळ तयार. माउसच्या पोटातला गोळा त्या दर आठवड्याला काढून पुसायच्या. एकदा मागच्या जाळीतून पाल आत शिरू बघत होती, तर सगळी दुपार झाडू घेऊन पहाऱ्याला बसल्या. "तुझ्या काकांनी मला एवढं जपलं असतं तर मी पण आज शब्द बोलले असते चार," म्हणायच्या. काका म्हणायचे, "चारच? मग आणखी जपलं असतं!"

नक्कल काढायचा वार शनिवार. तेल लावून न्हाणं झालं, हात स्वच्छ धुतले, की काका फ्लॉपी घालत. त्यांना फार टाइप करायला नको म्हणून मी एक सोय, म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम, करून दिली होती. एक शब्द मारला की शब्दकोशाची फाईल फ्लॉपीवर उतरायची. अशा तीन फ्लॉप्या, पाळीपाळीने वापरायच्या. 'न'पर्यंत आले तेव्हा फाईल जड झाली, मशीन रेंगाळायला लागलं. मीच पुढच्या अक्षरांसाठी दुसरी फाईल काढून दिली. त्या सोयीत मात्र या नव्या फाईलचं नाव घालायचं राहिलं. माझ्याकडून राहिलं. पडद्यावर दर शनिवारी यायचं, एक फाईल उतरली. काका मान डोलवायचे. दोन असायला हव्यात हे त्यांना कोण सांगणार?

असं वर्षभर चाललं. मग सरस्वतीपूजा आली.

त्या दिवशी तिकडे घरातली पुस्तकं, वह्या, हत्यारं, सगळं देवापुढे मांडतात. कशालाही हात लावायचा नाही, एक अक्षर वाचायचं नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला सकाळी पूजा उतरवून पहिलं अक्षर गिरवायचं. काकींनी मॉनिटरला चंदनाचा टिळा लावला, कीबोर्डवर फूल ठेवलं, आणि तिन्ही फ्लॉप्या काकांच्या चिटोऱ्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून त्यांच्या पाकिटांना चंदन-कुंकवाची बोटं लावली. पाकिटांना, फ्लॉप्यांना नाही. हे मी नंतर नीट पाहिलं होतं.

विजयादशमीच्या सकाळी काका मशीन लावायला गेले तर ते सुरूच होईना. मला निरोप आला. मशीनच्या आतल्या डिस्कमध्ये दोष आला होता. काकींनी हातात चुरमुरे आणि सुंडलची, हरभऱ्याच्या उसळीची, वाटी दिली, ती तशीच बाजूला ठेवून मी विचारलं, "नक्कल आहे ना?"

"आहे की! गेल्या शनिवारचीच," काका म्हणाले.

मी फ्लॉपी लावून बघितली नाही. त्याच दिवशी गल्लीतल्या आणखी दोन घरी मला मशीन दाखवायला जायचं होतं, काकांनीच शब्द टाकला होता, "हा आपला माणूस" म्हणून. मी डिस्क पुसून नव्याने आखली. थोडा धीर धरला असता तर तिच्यातून दुसरी फाईल कदाचित निघालीही असती. मग फ्लॉपी घातली. 'अ' ते 'न' आलं. पुढे काही नाही. दुसरी घातली, तिसरी घातली. मी माझी सोय उघडून वाचली. तिच्यात एकाच फाईलचं नाव होतं.

काका खुर्चीमागे उभे होते. काकी दारात, कॉफीचा टंबलर घेऊन.

"काय रे?" काका म्हणाले. "बाकीचं?"

माझी नजर त्या पाकिटांवर गेली आणि तोंडातून निघालं, "फ्लॉपीला कुंकू लावलंत का?"

"म्हणजे? तिन्ही गेल्या?"

"तिन्हींना लागलंय ना. बारीक भुकटी असते, आत जाते. अर्धं वाचलं हेच नशीब."

कॉफीचा टंबलर काकींनी खाली ठेवला. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरी, असू दे. देवाला वाहिलं असं समजू." ते चिडले असते तर मी कदाचित तिथेच खरं बोललो असतो. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरं नाही. मी बोललो नसतो.

चिटोरे तरी होते ना, असं कोणी विचारेल. 'न'पर्यंतचेच होते; पुढच्या अक्षरांचे काका टाइप झाले की टाकून द्यायचे. पुढे पुढे काका मुद्दाम माणसांना घरी बोलवायचे, ऐकून थेट मशीनवर टाइप करायचे, कारण मीच सांगितलं होतं, आता कागदाची गरज काय? त्या म्हाताऱ्यांपैकी दोघी तोवर गेल्या होत्या. काकांनी 'प' पुन्हा सुरू केला. काकी स्वयंपाकघरातून एखादा आठवलेला शब्द ओरडून सांगायच्या. ते म्हणायचे, "राहू दे, मला आठवतंय." आवाजात राग नसायचा. पण पूर्वी काकांनी काकींना परत विचारलं असतं, हा कोण म्हणायचं, तुझी आत्या का? आता विचारत नसत. दोन वर्षांनी काका गेले. कोश 'ब'वर थांबला.

काकी मुलीकडे, मद्रासमध्येच वेलचेरीला, राहायला गेल्या. मी दर दिवाळीला जायचो, मिठाई ठेवून परत यायचो. एका वर्षी सरस्वतीपूजेच्या सुमारास गेलो. मुलीने पुस्तकं मांडली होती, पण त्यांच्यावर चंदन नाही, कुंकू नाही, नुसती बाजूला फुलं. मी सहज विचारलं. मुलगी इंग्रजीत म्हणाली, अम्मा हात लावत नाही, मला पण लावू देत नाही, तुम्हाला तर माहीतच आहे.

मला तर माहीतच होतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. काकी बाल्कनीत भेंडी पुसत बसल्या होत्या. मी समोर स्टुलावर बसलो आणि सांगितलं. सोय, दुसरी फाईल, न उघडता पुसलेली डिस्क. कुंकू आत गेलंच नव्हतं हेही. त्या भेंडी पुसत राहिल्या. मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही की काय.

"पाकिटालाच लावलं होतं मी," शेवटी त्या म्हणाल्या. "मी त्यांना एकदा म्हटलं पण. ते म्हणाले, त्या मुलाला जास्ती कळतं."

"चुकलं माझं, काकी."

"चुकलं ते कळलं. फाईल विसरणं काय, मी रसममध्ये मीठ विसरते." त्यांनी हातातली भेंडी ताटात टाकली. "पण त्यांना सांगायचं होतंस रे. मला काय सांगतोस? मला माहीत नव्हतं होय मी काय केलं ते? त्यांना माहीत नव्हतं."

माफी मागण्यासाठी मी कितीतरी वाक्यं मनात जुळवून नेली होती. ती सगळी काकींसाठी होती. काकांसाठी एकही नव्हतं.

त्यांनी भेंडीचं ताट बाजूला सरकवलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला हाक मारली. मुलगी ओले हात पुसत आली. काकी मला म्हणाल्या, "आता हिला सांग. पहिल्यापासून सांग. तमिळमध्ये सांग, मराठी तिला अर्धीच कळते, आणि हे अर्धं कळून चालायचं नाही."

माझी तमिळ बाजारापुरती. मुलगी दाराला टेकून उभी राहिली, आईकडे एकदा बघून मग माझ्याकडे बघायला लागली. मी अडखळत सुरुवात केली. जिथे शब्द सापडेना, तिथे काकी तो पुरवत होत्या.