सात पायऱ्या पाणी

पडदा वर जातो तेव्हा समोर उजेडच उजेड. फाल्गुनातलं रखरखीत ऊन, अमडापूरच्या बाजूचं एक लहानसं मातीचं धरण, आणि भिंतीवरून पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर खाकी सदऱ्यातला किडकिडीत माणूस उकिडवा बसलेला. हा कडूबा, धरणाचा चौकीदार. साल दुष्काळाचं, त्र्याहत्तर.

माणूस मोठा लाघवी. कुणी पाणी किती म्हणून विचारलं, की तो फूट-इंच सांगत नसे, पायऱ्या सांगे. एकूण पायऱ्या तीस. उघड्या किती ते बघायचं, उरल्या त्या पाण्याखाली. चौदा वर्षं त्याचा आकडा चुकला नव्हता, म्हणून पाटबंधाऱ्याचे साहेबसुद्धा त्यालाच विचारत.

त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कडूबा, पाटाला पाण्याची एक पाळी दिली तर नदीला मृगापर्यंत पुरेल?"

पाटाच्या तोंडाशी महादेवरावांचा गहू ओंबीत आला होता. पाटाच्या शेपटाला कडूबाच्या धाकट्या विधवा बहिणीचा, गोजरबाईचा, कांदा बियाण्यासाठी फुलोऱ्यात उभा होता. घरात खायला न ठेवता तिने ते कांदे लावले होते. एक पाणी मिळालं की बी भरणार. आणि नदीकाठच्या गावाहून अन्नपूर्णाबाई आली होती. तिथल्या विहिरी आटल्या होत्या. बाया वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत. दर पंधरा दिवसांनी धरणातून नदीत पाणी सोडलं तरच ते झिरे जगत.

कडूबाने बोटांवर मोजलं. तेवीस उघड्या, सात पाण्यात. पाळीला दोन, नदीला तीन, उरल्या दोन उन्हाने प्याल्या तरी चालतील.

"पुरते, सायेब."

"भाऊ, नीट पाहून सांग," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "गहू वाळला त मजुरी करता येईन. झिरा वाळला त काय करावं?"

"काऊन भेवून राह्यली बाई?" महादेवराव हसले. "कडूबाच्या पायऱ्या म्हंजे पंचांग हाय!"

पाटाचं गेट उघडलं. तापलेल्या पाटानेच निम्मं पाणी पिऊन टाकलं. तीन दिवसांत महादेवरावांचा गहू भिजला आणि पायऱ्याही ठरल्याप्रमाणे जेमतेम दोनच उघड्या पडल्या; शेपटाचा एक दिवस तेवढा उरला होता. चौथ्या दिवशी सकाळी मात्र गेटातून गढूळ पाणी यायला लागलं.  कडूबाने लांब वेळू घेतला आणि कमरेइतक्या पाण्यात उतरून खाली टोचला. वेळू दगडाला लागलाच नाही. मऊ चिखलात नुसता जात राहिला.

चौदा पावसाळ्यांचा गाळ! खालच्या तीन पायऱ्या कधीच्या त्यात पुरल्या गेल्या होत्या. म्हणजे पाच नव्हे, दोनच पायऱ्या पाणी. चैत्र संपेपर्यंतही नदीला पुरायचं नाही.

साहेबांकडे निरोप धाडून त्याने स्वतःच चाक फिरवलं. गेट बंद झालं, चाकाला कुलूप लागलं.

दुपारी गोजरबाई पाटाच्या कडेने अनवाणी धावत आली.

"दादा! पानी माह्या बांधाच्या खालपर्यंत आलतं. एक दिवस दे."

"नाई, गोजरे."

"महादेवरावाच्या गव्हाले होतं, अन् बहिणीच्या कांद्याले नाई?"

"तुह्या वाट्याचं मीच त्याले पाजलं. गाळ कधी मोजलाच नाई म्या."

"मंग तुह्या चुकीसाठी म्या काऊन मरू?"

मागे रिकामे हंडे घेऊन अन्नपूर्णाबाई आणि तिच्या गावच्या चार बाया येऊन उभ्या होत्या.  एका दिवसाचं पाटाचं पाणी म्हणजे पंधरा दिवसांचे झिरे, हे कडूबाला आता कळत होतं. हे आधी कळायला हवं होतं, हेही कळत होतं.

"मृगापर्यंत तरी पुरवशीन नं?" अन्नपूर्णाबाईने हळूच विचारलं.

 गेटाची चावी मुठीत घट्ट धरून तो पायरीवर बसून राहिला. ती मूठ सोडवायला गोजरबाई पुढे झाली, थबकली, आणि त्याच्यासमोरच मटकन बसली.

"मंग मी काय करू? सांग नं, दादा."

त्याने चावी कमरेला खोचली.

"कांदे उपट, गोजरे. दांडे कवळे हायेत तोवर भाजीले तरी येतीन."