भार न घेणारा सांधा

माझे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, सुतार. हाताला तोड नाही आणि तोंडाला तर नाहीच नाही. चाळिशी उलटली आणि एका कपाटाला बिजागरी लावताना छातीत कळ आली. बायपास झाली. पायातली शीर काढून हृदयाला जोडली, कापलेलं छातीचं हाड तारेनं पुन्हा बांधलं. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. हळूहळू कामाला लागा."

"त्यांना काय कळतंय!" घरी येऊन भाऊजी ताईवर खेकसले. "उघडलेला सांधा पुन्हा भार घेत नाही. खुर्चीचा घेत नाही, माझा काय घेणार?"

झालं. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून जे बसले, ते चौदा वर्षं उठले नाहीत. फळ्या ताई उचलायची, करवत ताई चालवायची, हमालाबरोबर कपाटं जिन्यावरून ताईच चढवायची. हे खुर्चीतून, "डावीकडे! अगं डावीकडे!" ओरडायला मात्र मेल्याची छाती ठणठणीत.

दर वर्षी तपासणी. ताई फाइल धरून भिंतीशी उभी. डॉक्टर खूश. "जोडलेल्या शिरा छान मोकळ्या आहेत. पथ्य कोण सांभाळतं?"

"मीच," भाऊजी म्हणायचे.

गेल्या वर्षी ताईचा डावा हात दुखायला लागला. चार पायऱ्या चढली की धाप. "करवतीनं भरून आलाय गं," म्हणाली.

"तू डावखुरी कधी झालीस?" मी विचारलं. ती हसून पुन्हा करवतीला लागली.

पण घाबरली होती. एकदा जेवताना माझ्यासमोरच तिनं भाऊजींना विचारलं, "या खेपेला मीही छाती दाखवून घेऊ का?"

भाऊजींचा हात लगेच छातीवर. "माझ्यापुढे दुखण्याचं नाव काढू नकोस! बघ, धडधडायला लागलं." ताई ताट सोडून पाणी आणायला धावली.

माझं डोकंच फिरलं. "भाऊजी, सोमवारी मी तिला दवाखान्यात नेणार. तुमची छाती फुटली तरी नेणार!"

त्याआधी शनिवारीच टेम्पोतून प्लायवूड उतरवताना ताई मटकन खाली बसली, ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, हिला फार आधी आणायला हवं होतं. ते ऐकताच भाऊजींनी छाती धरली आणि सगळी माणसं ताईला सोडून त्यांच्याकडे पळाली. ईसीजी काढला. उत्तम आला.

पंधरवड्यानं ताईची शाल आणायला दुकानात गेले, तर आत रंधा चालल्याचा आवाज. दारातली खुर्ची रिकामी. मला पाहून भाऊजींनी रंधा ठेवला, भिंतीला टेकवलेली अख्खी फळी खांद्यावर घेतली आणि टेबलावर आणून टाकली. धाप नाही, काही नाही.

"बघितलंस?" त्यांचा चेहरा फुलला होता. "घेतोय की भार! उगाच घाबरलो इतकी वर्षं."

शिवी अगदी ओठांवर आली. तेवढ्यात त्यांनी करवत उचलली.

"उभी काय राहिलीस? फळीचं ते टोक धर जरा. तुझी ताई पूर्वी धरायची तसं."