डोळे मिटून म्हटलेलं ‘हं’

माझे थोरले साडू ज्या दिवशी घडाघडा बोलतील, त्या दिवशी नागपुरात मे महिन्यात थंडी पडेल. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. शब्द ही चीज त्यांनी इतरांसाठी सोडून दिली आहे. त्यांचं स्वतःचं सगळं ‘हं’, ‘च्च’, भुवया आणि उजव्या हाताचा पंजा यांवर भागतं. आखूड ‘हं’ म्हणजे चहा पुरे. लांबवलेलं ‘हं’ म्हणजे पाहुणे अजून गेले कसे नाहीत. सक्करदऱ्याच्या बाजारात वांगं हातात घेऊन त्यांनी नुसतं ‘हं’ केलं, की भाजीवाली कळवळते, “काकाजी, शिवी द्या, पण असं ‘हं’ नका करू!” आणि डोळे मिटून, मान डोलवत केलेलं ‘हं’ म्हणजे पसंतीची कमाल. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे ताईच्या, भरल्या वांग्यांना ते क्वचित मिळतं, मग ती दिवसभर गुणगुणत असते.

लेकीच्या लग्नात नेमकं हेच नडलं. मनूनं स्वतः निवडलेला मुलगा आईवडिलांना घेऊन पुण्याहून आला. “मग, कसा वाटला आमचा मुलगा?” त्याच्या वडिलांनी विचारलं. भाऊजींनी डोळे मिटले, मान डोलवली आणि जन्मातलं सगळ्यात सुरेल ‘हं’ केलं. आम्ही हुरळलो. पाहुण्यांना मात्र वाटलं, या गृहस्थांना पोराकडे बघवतसुद्धा नाही! रामदासपेठेतल्या हॉटेलवर पोचताच त्यांचा फोन आला, “तुमची इच्छा दिसत नाही. आम्ही आजच परत निघतो.” ताई समजावू लागली, तर त्यांना ती सारवासारव वाटली. मनू खोलीत जाऊन बसली.

भाऊजी उठले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. वाटभर माझ्या पाठीशी पुटपुट चालू होती. हॉटेलात मुलाच्या वडिलांसमोर उभे राहून ते म्हणाले, “पोरगा मले आवडला. पोरीले तर आवडलाच आहे. तुम्ही जाऊ नका.” एवढं बोलून ते घाम पुसत खुर्चीत बसले. व्याह्यांनीच त्यांना पाणी दिलं.

लग्न होऊन मनू पुण्याला गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. ती बोलते, हे ‘हं’ म्हणतात. परवा मी तिथंच होतो, फोन स्पीकरवर होता. “बाबा, बरे आहात ना?” “हं.” मला ते नेहमीचंच वाटलं. पलीकडे ती थबकली. “काय झालं?”

भाऊजींनी टेबलावरच्या फोनपुढे ‘काही नाही’ असा पंजा हलवला. तिला दिसणार थोडाच होता!

“हात नका हलवू, बाबा. सांगा.”

पंजा अलगद मांडीवर आला. मग ते म्हणाले, “घर मोठं वाटून राहिलं वं.”