रुसून मागितलेला चाकू

माझ्या संसारात एके काळी सव्वीस चाकू होते आणि भाजी चिरायला एक हलती विळी. एवढ्यावरून आमच्या घराची कल्पना यावी.

चाकू आमच्या ह्यांचे. हे भोर संस्थानात शाळामास्तर. कोणाला तंबाखूचा नाद असतो, कोणाला पत्त्यांचा. ह्यांना घडीचे चाकू जमवायचा. बदली भाटघरला होवो नाहीतर हिर्डोशीला, शाळेतल्या पोरांची नावं पाठ होण्याआधी गावात कोणाच्या खिशात कसला चाकू आहे ते ह्यांना ठाऊक असायचं. हिर्डोशीला असताना एका धनगराचा चाकू नुसता बघायला दोन तास डोंगर चढून गेले होते. घरातलं मीठ संपलंय हे मात्र ह्यांना तीनदा सांगावं लागे.

दर रविवारी पत्र्याची पेटी उघडायची, घोंगडीवर चाकू ओळीने मांडायचे आणि एकेकाला खोबरेलाचा बोळा फिरवायचा. माझ्या डोक्याला खोबरेल पुरत नव्हतं, पण ते असो. मग व्याख्यान सुरू. ऐकायला मी एकटी, कारण मुलं तोवर पसार झालेली असायची. शिसवीची मूठ देखणी, पण पावसाळ्यात फुगते आणि पातं आत अडकून बसतं. पितळेची जन्मभर टिकते, पण हाताला वास लागतो आणि थंडीत धरवत नाही. हाडाची पिवळी पडते. सांबराचं शिंग खडबडीत, ओल्या हातातूनही निसटत नाही. म्हशीचं शिंग हाताला सगळ्यात मऊ, पण तेल मिळालं नाही तर उन्हाळ्यात तडकतं. कचेरीतल्या कोणा कारकुनाचा एक हस्तिदंती कलमतराश होता, बोरूला टोक काढायचा, माझ्या करंगळीएवढा. विलायती चाकूच्या पाठीत कमान असते, ती पातं ताठ धरते. आपल्या लोहाराच्या चाकूत कमान नाही, सगळा कारभार एका खिळ्यावर. खिळा सैल झाला की पातं लुळं.

"तेवढा एक चाकू द्या, घेवडा चिरून होईल," मी म्हणायची.

"ओलं-आंबट लागलं की पात्याला डाग पडतो."

"मग विळीची खुंटी तरी ठोकून द्या."

"उद्या."

तो उद्या चौदा वर्षांत उगवला नाही. पण विळीचं मला फारसं काही नव्हतं. माझं दुखणं वेगळं होतं, आणि ते त्याच पेटीत होतं. पेटीतला पहिला चाकू माझ्या वडिलांचा होता.

माझं माहेर वेल्ह्याकडचं. आमची भातशेती होती. आबांचा चाकू गावच्या लोहाराने मोडक्या कानशीचं पोलाद तापवून केलेला. मूठ म्हशीच्या शिंगाची, आणि तीही आमच्याच म्हशीच्या. आम्ही चारी भावंडं तिच्या दुधावर वाढलो. म्हातारी होऊन मेली तेव्हा आबांनी तिचं शिंग मागून घेतलं आणि स्वतः घासून मूठ केली. वर्षानुवर्षं धरून मुठीवर अंगठ्याची एक खळी पडली होती. त्या चाकूने आबा ऊस सोलायचे, पायातला काटा काढायचे, दातवण कापायचे, मला पेरूच्या फोडी करून द्यायचे. त्या फोडींना तंबाखूचा वास यायचा, तरी मला त्याच आवडायच्या.

लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसतो ही आपल्याकडची रीत. पान वाढलेलं असतं, जावई घास उचलत नाही, मग सासऱ्याने विचारायचं, काय हवं? कोणी अंगठी मागतं, कोणी घड्याळ. आमचे हे मान खाली घालून बसले. आबांनी हात जोडून विचारलं, "पाव्हणं, काय पायजे?" तर हे म्हणतात, "मामा, मघाशी तुम्ही सुपारी फोडलीत तो चाकू."

मांडव हसला. स्वस्तात सुटला म्हणून आबांची पाठ थोपटली लोकांनी. आबाही हसले, पण मी पाटावर बसून बघत होते, त्यांचा हात बंडीच्या खिशात गेला तो पटकन बाहेर येईना. शेवटी त्यांनी चाकू काढला आणि खाली ठेवायला वाकले, कारण धारेची वस्तू हातातून हातात देऊ नये, भांडण लागतं. पण ह्यांना दम कुठला? ह्यांनी तो वरच्यावर आबांच्या हातातूनच घेतला. माझ्या आत्याने कपाळावर हात मारला. पुढे आमची जेवढी भांडणं झाली तेवढी त्या एका झडपेने झाली असं मी आजही म्हणेन.

पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तर आबा विळ्याच्या मोडक्या तुकड्याने ऊस सोलत होते. म्हटलं, नवा चाकू घ्या. "हाय की ह्यो. काय आडलंय?" म्हणाले. आईने सांगितलं ते निराळंच. काही कापायचं निघालं की आबांचा हात अजून खिशात जातो, आणि मग आपलं कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं बघतात.

तेव्हापासून तो चाकू आबांना परत मिळावा हा माझा हेका. ह्यांना म्हटलं, परत करा. हे म्हणाले, "मानाने दिलेली वस्तू परत करणं म्हणजे मामांचा अपमान." आबांना म्हटलं, मागून घ्या. ते म्हणाले, "जावयाला दिल्यालं माघारी घेत्यात व्हय गं बाय? लोक काय म्हंत्याल?" दोघेही शहाणे! एकाला द्यायचा नाही असं नाही, दुसऱ्याला नको असं नाही, आणि चाकू पेटीत. मी मधल्यामध्ये दहा-बारा वर्षं भिंतीवर डोकं आपटत होते.

त्यात ह्यांनी कळस केला. एका उन्हाळ्यात, दर रविवारचं तेल मिळूनही, त्या शिंगाला चीर गेली. रोज हातात असता तर गेली नसती, हातातल्या घामानेही शिंगाला ओलावा मिळतो असं ह्यांचंच व्याख्यान होतं. हे चाकू घेऊन भोरच्या बाजारात गेले आणि सांबरशिंगाची कोरी मूठ बसवून आणली. वर मला दाखवतात कसे, "मामांच्या चाकूला कशी मानाची मूठ केली!" जुन्या मुठीच्या दोन्ही फाकी कागदात गुंडाळून कोनाड्यात टाकल्या होत्या. मी त्या उचलल्या आणि माझ्या फणीच्या पेटीत ठेवल्या. आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आलं.

पुढे लढाईच्या दिवसांत आबांच्या दोन्ही डोळ्यांवर सारा आला. भाऊ त्यांना गाडीत घालून भोरला डॉक्टरांना दाखवायला घेऊन आला आणि आमच्याकडे ठेवून गेला. तेव्हा आम्ही उत्रोलीला राहत होतो. आबांना उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळं हातांनी.

रविवार आला. ह्यांना ऐकणारा नवा माणूस मिळाला. घोंगडी अंथरली, पेटी उघडली आणि एकेक चाकू आबांच्या पुढे ठेवू लागले. आणि खरं सांगते, त्या दुपारी मला दोघांचाही राग आला नाही. आबा अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "ह्यो शिसव. पावसात फुगत आसंल." "ह्ये हाड हाय, बैलाचं." "ह्येचा खिळा बदलल्याला हाय बगा, मास्तर." ह्यांनी चौदा वर्षांत गोळा केलेलं ज्ञान त्या माणसाच्या अंगठ्यात आधीपासून होतं. हे पुढे सरकून सरकून ऐकत होते.

मग सांबराच्या मुठीचा चाकू पुढे आला. तोच. आबांनी मुठीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. "सांबर. झ्याक हाय," म्हणाले आणि बाजूला ठेवला.

सगळे चाकू संपले. आबा अगदी हळू, कोणाचं तरी काहीतरी मागतोय अशा आवाजात म्हणाले, "आन मास्तर, माजा कुटं हाय?"

हे खाली बघत म्हणाले, "तो शाळेत राहिला, मामा."

माझा नवरा मला अनेकदा असह्य झाला आहे, पण खोटं बोलताना मी त्याला तेवढाच एकदा ऐकला. मी उठले, फणीची पेटी उघडली आणि शिंगाच्या दोन्ही फाकी आणून आबांच्या तळहातावर ठेवल्या. "हा घ्या तुमचा चाकू. एवढाच राहिलाय," मी म्हणाले. आबांचा अंगठा थेट खळीत जाऊन बसला. बराच वेळ तो तिथून हलला नाही. "म्हसरू लई गुनाचं व्हतं," एवढंच म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हे घरी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही उशिरा आले. म्हटलं, तोंड लपवत हिंडताहेत, हिंडू देत. चौथ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी दोघांची पानं वाढली, आबांनी आचमन केलं, आणि हे आपले हात मांडीवर ठेवून बसलेले.

"आता काय झालं?" मी करवादले. "मीठ कमी आहे का जास्त?"

"मी रुसलोय," हे म्हणाले.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "ह्या वयात? आता काय पायजे, पाव्हणं?"

"पायजे काही नाही, मामा. द्यायचंय. तुम्ही घेतल्याशिवाय मी घास उचलणार नाही."

आणि ह्यांनी खिशातून चाकू काढला, वाकून आबांच्या पानाशेजारी जमिनीवर ठेवला, आणि हात मागे घेतला. सांबराची मूठ गेली होती. मी पुन्हा फणीच्या पेटीत ठेवलेल्या जुन्या फाकी ह्यांनी मला न विचारता नेल्या होत्या आणि उत्रोलीच्या लोहाराकडे दोन दिवस बसून पात्यावर परत चढवल्या होत्या. चीर तशीच होती, वर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. आबांनी चाचपून चाकू उचलला. जावई रुसला तर सासऱ्याला नाही म्हणता येत नाही, ही रीत त्यांनाही मोडता येईना. त्यांनी पातं उघडलं, नखावर धार पाहिली, मिटलं, आणि चाकू बंडीच्या खिशात टाकला.

"जेवा आता. भात गार झाला," ते म्हणाले.

मला रडू फुटलं आणि त्याहून मोठा राग आला. एवढं सोपं होतं, तर चौदा वर्षं काय करत होता रे दोघं? मी ते बोलूनही दाखवलं. दोघेही जेवत राहिले.

आबांनी तो चाकू पुढे दोनच पावसाळे वापरला. ते गेल्यावर तेराव्यानंतर भावाने तो आणून माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. ह्यांनी पेटी उघडली, पण मी चाकू स्वयंपाकघरात नेला आणि त्याच दिवशी त्याने कैरी चिरली. पात्याला काळा डाग पडला. हे दारात उभे राहून बघत होते. मी एक फोड पुढे केली. ह्यांनी ती घेतली आणि विचारलं, "तंबाखूचा वास येतो का गं हिला?"