टाळ्याची दुसरी चिठ्ठी

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या टाळ्याला कुणी प्रेमानं बोलावलंय असं आयुष्यात घडलं नाही. टीव्हीनं छळलं की लोक शिव्या देतच फोन करायचे, आणि तोही शिव्या पुटपुटतच जिने चढायचा. पूर्वी टीव्ही जळायचा, धूर यायचा. काहीतरी बिघडल्याचं समाधान तरी मिळायचं. आता चित्र येतं नेटवरून, आवाज जातो भलत्याच डब्यातून, आणि वाटेत कुठंतरी दोघांची फारकत होते. पडद्यावरची बाई तोंड मिटून बसते आणि मग तिचं रडणं ऐकू येतं. माणूस गोळी लागून पडतो, पडल्यावर गोळी वाजते. असल्या घरातली माणसं आधी रिमोटवर खेकसतात, मग एकमेकांवर, आणि टाळ्या दारात आला की सगळी मिळून त्याच्यावर.

नाव पडलं ते त्याच्या पेनड्राइव्हमुळं. त्यात एका मिनिटाची फिल्म होती: खुद्द हा गडी बनियनवर उभा राहून, सुतकी चेहऱ्यानं टाळ्या वाजवतोय. ती टीव्हीवर लावायची. हाताला हात लागला त्याच क्षणी आवाज आला, की टीव्ही निर्दोष. बायको म्हणायची, "लग्नात याच्या निम्म्या उत्साहानं उभे राहिला असतात, तर फोटो तरी बरे आले असते."

कामाची रीत ठरलेली. "आधी टीव्ही नागडा करायचा," तो म्हणे. म्हणजे बॉक्स, स्पीकर, जे काही जोडलेलं असेल ते सगळं काढून नुसता टीव्ही तपासायचा. मग एकेक दागिना परत चढवायचा आणि कुठला टोचतोय ते बघायचं. रीत नामी होती. एकच खोट. दुसऱ्याच्या कानाला लागलेली वस्तू हा माणूस मेला तरी आपल्या कानाला लावत नसे. किळस यायची. आणि काम संपलं की शिक्का मारून चिठ्ठी द्यायचा. त्याच्या चिठ्ठीवर 'दोष नाही' असं आलं, की त्या भागात पुढं कुणी वाद घालत नसे. याचा त्याला फार माज होता.

साठ बिऱ्हाडांच्या एका इमारतीचं सगळं काम त्याच्याकडं होतं. इमारतीच्या सेक्रेटरीनं एकदा त्याला स्वतःच्या घरी नेलं, आईच्या खोलीत. खोली लांबट, खाट, खिडकी, भिंतीवर टीव्ही. खाटेवर म्हातारी, कानांवर मोठे बिनतारी हेडफोन. दारात सूनबाई, हाताची घडी घालून.

"यांचं म्हणणं, ओठ आणि शब्द जुळत नाहीत," सूनबाई म्हणाली. "आम्हाला सगळं जुळलेलं दिसतं. यांनाच नाही."

म्हातारी ओरडली, "खोटं बोलतायत सगळे! तोंडात एक आणि कानात एक!"

"बघा," सून म्हणाली. एवढंच.

टाळ्यानं टीव्ही नागडा केला. हेडफोनची जोडणी तोडली, बॉक्स काढला, स्वतःची फिल्म लावली. टाळी, आवाज. टाळी, आवाज. बॉक्स परत जोडला, मालिका लावली. टीव्हीच्या आवाजात सगळं चोख. राहिले हेडफोन. त्यांच्या गाद्यांवर तेल आणि पांढरे केस चिकटलेले. टाळ्यानं ते दोन बोटांनी उचलून खाटेवर ठेवले आणि चिठ्ठी लिहिली: दोष नाही. शिक्का. बाहेर पडल्यावर जिन्यात, त्याच खोलीच्या खिडकीच्या काचेपाशी उभं राहून बायकोला फोन केला आणि पुढच्या कामाला गेला.

तीन आठवड्यांनी म्हातारी त्याच्या दुकानासमोर उभी राहिली. दुकान कसलं, जिन्याखालची खोपची. फुटक्या पडद्यांची चळत, वायरींची गुंतवळ, आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसलेलं, बाहेर आणखी दोघं.

"कोण रे तो शिक्केवाला?" तिनं विचारलं. बहिऱ्या माणसाचा आवाज, अख्ख्या गल्लीला पुरेल इतका.

"आजी, जरा हळू."

"आजी कुणाला म्हणतोस? तुझं डोकं माझ्यापेक्षा पांढरं आहे." तिनं चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. "हा कागद माझ्या लेकानं डॉक्टरला दाखवला. टीव्हीत दोष नाही म्हणजे म्हातारीत आहे. डॉक्टरनं लिहिलं, भास होतात. सोमवारी मला आश्रमात नेऊन टाकणार. माझ्या खोलीत सुनेचं शिलाई मशीन यायचंय."

"मी टीव्ही तपासला. टीव्ही बरोबर आहे."

"आणि काचेपाशी उभा राहून फोनवर काय म्हणालास? 'म्हातारी कामातून गेली, पोराचे हाल आहेत.' म्हणालास की नाही?"

स्टुलावरचं गिऱ्हाईक टाळ्याकडं बघायला लागलं. खोलीची खिडकी जिन्याकडं उघडत होती हे खरं. पण मधे बंद काच होती, आणि ही बहिरी.

"बत्तीस वर्षं कापडगिरणीत मागावर होते मी," म्हातारी म्हणाली. "दोनशे माग एका छपराखाली. कानाशी बोंब मारली तरी ऐकू येत नसे. आम्ही सगळ्या बायका ओठांवरून बोलायचो. त्या टोकाची बाई या टोकाला नवऱ्याच्या चहाड्या सांगायची. कान तिथंच गेले. उरलेलं अर्धं ऐकू येतं ते डोळ्यांनी जुळवून घेते. आणि तू मला कामातून गेलेली म्हणतोस? चल घरी."

गिऱ्हाईक म्हणालं, "जा की. बाई एवढी चालत आली."

चार माणसांसमोर नाही म्हणण्याची सोय नव्हती. टाळ्या पिशवी उचलून निघाला, मनात तिच्या सात पिढ्या उद्धरत.

खोलीत गेल्यावर तिनं हेडफोन कानांवर चढवले, मालिका लावली. मग काढून त्याच्यापुढं धरले.

"घाल."

"मला गरज नाही. आवाजाची सेटिंग असते, ती बघतो." त्यानं रिमोट घेतला, आवाज मागेपुढे करायचा आकडा शोधून वाढवला आणि तिला हेडफोन कानांवर घालायला लावले.

तिनं दोन क्षण पडद्याकडं पाहिलं. "गाढवा, आणखी मागं गेला. आधी ओठ उघडून गेल्यावर 'प' यायचा, आता पुढचा शब्द सुरू झाल्यावर येतोय."

त्यानं आकडा शून्यावर आणला. त्याच्या खाली तो जातच नव्हता. आवाज उशिरा सोडता येत होता. उशीर झालेला आवाज ओढून पुढं आणायची सोय त्या टीव्हीत नव्हती. आता टाळ्याला कळायला लागलं होतं, आणि कळतंय हेच त्याला सहन होईना.

"घाल म्हटलं ना! माझ्या कानाला काही रोग नाही झालेला."

त्यानं खिशातला रुमाल काढून गाद्या पुसल्या. परत पुसल्या. डोळे मिटून हेडफोन चढवले आणि डोळे उघडले. पडद्यावर एक सासरा जावयाला झापत होता. सासऱ्याचं तोंड मिटलं. 'चालता हो' कानात नंतर आलं. टाळ्यानं पेनड्राइव्ह लावला. बनियनवरच्या माणसाचे हात मिटले, सुटले, आणि मग टाळी वाजली. पाव सेकंदाचा तरी फरक. टीव्ही निर्दोषच होता. आवाज हवेतून या डबड्यात पोचेपर्यंत शिळा होत होता, आणि तो फक्त हिच्याच कानांना मिळत होता. बाकीच्यांसाठी टीव्हीचा स्पीकर. कुणाला कळणार?

त्यानं पिशवीतून लांब वायरीचे साधे हेडफोन काढले, टीव्हीच्या मागच्या भोकात खुपसले आणि वायर खाटेपर्यंत आणली. म्हातारीनं ते घातले. बराच वेळ बघत राहिली. तोंड लहान पोरासारखं उघडं. मग तिनं तळहातानं डोळे पुसले आणि लगेच खेकसली, "बघतोस काय? लिही आता."

"काम झालं ना? चिठ्ठी कशाला?"

"पहिली कशाला लिहिली होतीस?"

एवढ्यात सेक्रेटरी आला, मागून सूनबाई. टाळ्यानं वायरीकडं बोट दाखवून थोडक्यात सांगितलं. सेक्रेटरीनं त्याला दाराशी ओढलं आणि म्हातारीकडं पाठ केली. त्याला आईची ओठ वाचायची खोड माहीत होती.

"दुरुस्त झालं, छान झालं. लिहायचं काही नाही. पहिल्या चिठ्ठीवर डॉक्टरनं कागद केलाय, आश्रमातल्या जागेचं ठरलंय. आता फिरलात तर तुमच्याच शिक्क्याची अब्रू जाईल. आणि या साठ बिऱ्हाडांना दुसरा माणूस मी उद्या आणीन."

टाळ्यानं मनात हिशोब केला. साठ बिऱ्हाडं म्हणजे निम्मा धंदा. त्यात तीस वर्षांत त्यानं स्वतःची चिठ्ठी कधी फिरवली नव्हती. तो हो म्हणायच्या बेतात होता, खरं सांगायचं तर. पण सेक्रेटरीनं त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "तुम्हाला तरी काय कळणार होतं म्हणा, हेडफोनमधलं."

टाळ्या तिथंच पेटला. दुसरा माणूस आणा, पोटावर पाय द्या. पण ओठ आणि आवाजातलं टाळ्याला कळत नाही?

"मला कळत नाही?" त्यानं पिशवीतून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, ते भिंतीला टेकवून उभ्या उभ्या लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेला, "टीव्हीत दोष नाही. बिनतारी हेडफोनमधून आवाज पाव सेकंद उशिरा. बाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून बरोबर. आधीची चिठ्ठी चूक, तपास अर्धवट, चूक माझी." शिक्का इतक्या जोरात मारला की भिंतीचा पोपडा पडला.

"सासूबाईंनी काय जादू केलीय यांच्यावर कोण जाणे," सूनबाई म्हणाली.

"या इमारतीत परत पाऊल टाकायचं नाही," सेक्रेटरी म्हणाला.

"बोलावलंत तरी थुंकायला येणार नाही."

चिठ्ठी त्यानं सेक्रेटरीच्या हातात दिली नाही. खाटेपर्यंत जाऊन म्हातारीच्या मुठीत कोंबली. तिनं ओळ न् ओळ वाचली आणि घडी घालून पोलक्यात खोचली.

"अक्षर घाणेरडं आहे तुझं," ती म्हणाली. "डॉक्टरला वाचता आलं नाही तर?"

टाळ्यानं दात खाल्ले. मग पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "चपला घाला. मी येतो वाचून दाखवायला."

सेक्रेटरी दारात आडवा उभा होता. म्हातारी खाटेवरून उतरली, तिनं त्याच्याकडं वर मान करून पाहिलं. तो काहीतरी बोलायला लागला.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "तोंड उघडण्याआधीच कळलंय मला. बाजूला हो."

तो बाजूला झाला.