बोटभर उंची

डिसेंबरच्या सुट्टीत, बेंगळुरूबाहेर देवनहळ्ळीच्या पलीकडे माझ्या ठाण्याच्या हद्दीत असलेल्या पार्कमध्ये, एक सात वर्षांचा मुलगा राइडवरून पडला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. त्या प्रकरणाचा तपास मी केला. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. पुष्कळ गुन्ह्यांचे तपशील विसरलो, हा विसरलेलो नाही. गेल्या महिन्यात या प्रकरणातला एक माणूस वारला. तेव्हापासून थोडं थोडं लिहितो आहे. कुणाचंही नाव लिहिणार नाही.

पार्क मोठं होतं. आत राहायला रिसॉर्ट, पाण्याचे खेळ, चाळीसेक राइड्स. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात फाटकापासून महामार्गापर्यंत गाड्यांची रांग लागायची. आमचे चार शिपाई तेवढ्यासाठी तिथे नेमलेले असत. हरवलेली मुलं, चोरीला गेलेले फोन, रांगेतली हाणामारी, एवढंच त्यांचं काम.

दुपारी दोनच्या सुमाराला त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा राइड बंद केलेली होती. मात्र शेजारच्या राइड्स चालू होत्या, गाणीही चालू होती. गाणी बंद करायला मला दोनदा सांगावं लागलं.

राइड अशी की दोघांनी शेजारी बसायचं, एकच लोखंडी दांडा दोघांच्या मांड्यांवर येऊन बसतो, मग पाळणा वर जाऊन गरगर फिरतो. मुलगा वडिलांबरोबर बसला होता. दांडा वडिलांच्या मांडीवर टेकला आणि मुलाच्या बाजूला पोकळी राहिली. त्या पोकळीतून तो घसरला. वडिलांनी त्याचा हात धरला होता, पण तो सुटला.

अशी पोकळी राहते म्हणूनच त्या राइडवर एकशे वीस सेंटिमीटरच्या खालच्या मुलांना बसू देत नसत. प्रवेशाशी फळी होती, तिच्यावर लाल रेघ. बूट घालून मोजायचं, डोकं रेघेला लागलं पाहिजे. आणि तेवढ्याच उंचीवर पार्कच्या तिकीटखिडकीचा नियमही होता. एकशे वीसच्या आत अर्धं तिकीट आणि मनगटाला पिवळी पट्टी, वर असेल तर पूर्ण तिकीट आणि निळी.

मुलाच्या मनगटाला पिवळी पट्टी होती.

कुटुंब नागपूरचं. वडील आयटीत, पाच-सहा वर्षांपासून बेंगळुरूत. आई घरी असे. हे एकुलतं एक मूल. दोन दिवसांसाठी ते रिसॉर्टमध्ये उतरले होते. मी मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, बाहेर कन्नड, अशी माझी सगळी नोकरी गेली. ठाण्यात मराठी कानावर पडत नसे. वडिलांनी माझ्या छातीवरची पाटी वाचली आणि माझे दोन्ही हात धरले.

“सर, तुम्ही आपले आहात. त्याने मोजलंच नाही हो. हा बघा, यलो बँड आहे. अर्ध्या तिकिटाच्या मुलाला त्याने आत सोडलंच कसं?”

फिर्याद मी स्वतः त्यांच्याजवळ बसून मराठीतून ऐकली आणि लेखनिकाला कन्नडमधून सांगितली. त्या तासाभरात माझ्या मनात प्रकरण संपलं होतं.

राइड चालवणारा चाळिशी ओलांडलेला माणूस होता. तुमकूरकडचा. पूर्वी बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. कारखाना बंद पडल्यावर इथे लागला. बायको आणि तो, एवढंच घर. तो एकच गोष्ट सांगत होता.

“सर, मी मोजलं. डोकं रेघेला लागलं. काल बोटभर कमी पडला म्हणून दुसऱ्या पाळीतल्या माणसाने त्याला परत पाठवलं होतं. पोरानेच मला सांगितलं. मी त्याला म्हटलं, काय रे, रात्री भात जास्त खाल्लास का? तर तो हसला.”

माझा फौजदार म्हणाला, “एका रात्रीत बोटभर वाढला? कुठला तांदूळ होता अण्णा, आम्हालाही सांग.” सगळे हसले. मीही हसलो असेन.

वर्तमानपत्रांत फोटो आले होते. वरून फोन येत होते. नुसत्या निष्काळजीपणाच्या कलमाला लगेच जामीन मिळतो, म्हणून सदोष मनुष्यवधाचं कलम लावायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाची पुन्हा चौकशी झाली. फौजदाराने त्याला दोन वेळा मारलं. मी खिडकीशी उभा राहून एका फायलीची पानं उलटत होतो. नंतर मी त्याच्यासमोर बसलो आणि शांतपणे म्हणालो, “गर्दी होती, मोजायचं राहून गेलं, एवढं कबूल कर. माणसाकडून चूक होते. जामीन लवकर होईल.”

त्या कलमाखाली जामीन लवकर होत नाही, हे मला माहीत होतं.

तो म्हणाला, “सरी सर, ठीक आहे. तुम्ही म्हणता तसं लिहा.”

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. पण तो व्यवस्थापनापर्यंत पोहोचला आणि त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. न्यायालयीन कोठडी झाली. पिवळी पट्टी आणि कबुली, मला आणखी काही नको होतं.

सोळाव्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, कन्नड यशवंतपूरकडचं.

“साहेब, त्या पिवळ्या पट्टीवरून कुणाला अडकवू नका.”

“कोण बोलतंय?”

“तिकीटखिडकीवर असते मी. त्या पोराला पट्टी मीच बांधली. आमच्यासमोर सगळी पोरं गुडघे वाकवतात. बाप मागून खांदा दाबतो. आम्ही बघतो, पण सीझनला वाद घालायचा नाही असा हुकूम आहे. दिली पिवळी, पुढचा या. तीच पोरं राइडपाशी गेली की टाचा उंच करतात. त्या पट्टीवरून पोराची उंची कळत नाही साहेब.”

“हे इतके दिवस का नाही सांगितलंत?”

“नोकरी आहे ना साहेब. स्वल्प विचार करा.” तिने फोन ठेवला.

मुलगा खरोखर किती उंच होता, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. शवविच्छेदन अहवाल फायलीत होता. मृत्यूचं कारण वाचून मी तो मिटला होता. आता पहिलं पान वाचलं. शरीराची लांबी, एकशे साडेसतरा.

म्हणजे पट्टी खरी होती. मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही. मुलगा कमीच होता, राइडवाला खोटं बोलला होता, फाईल जशी होती तशी ठीक होती. मी अहवाल पुन्हा मिटला आणि चहा मागवला.

चहा पिताना त्या बाईचं एक वाक्य आठवत राहिलं. टाचा उंच करतात. राइडवर बूट घालून मोजतात. साध्या बुटाने सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाढतं, म्हणजे पहिल्या दिवशी तो बोटभर कमी पडला हे बरोबर बसत होतं. दुसऱ्या दिवशी तेच बूट, तोच मुलगा, आणि डोकं रेघेला. राइडवाला खरं बोलत असेल, तर ते बोटभर बुटातच असलं पाहिजे.

पंचनाम्यात मीच लिहवून घेतलं होतं, ‘निळ्या रंगाचे लहान मुलाचे बूट, एक जोड.’ दवाखान्यात काढले, शिपायाने आणले, कापडात बांधून सील केले. आत कुणी पाहिलं नव्हतं. मुद्देमालाच्या खोलीत ते सोळा दिवस होते.

परवानगी घेऊन पंचांसमक्ष सील फोडलं. वरून बूट नेहमीसारखेच दिसत होते. आतला पातळ तळवा उचलला तर त्याच्या खालच्या बाजूला टाचेशी स्पंजाच्या दोन चकत्या टाक्यांनी शिवलेल्या होत्या. टाके बारीक, एकसारखे, चकती हलू नये असे. स्पंजाच्या एका कडेला पांढरं टर्किशचं कापड चिकटून राहिलं होतं. रिसॉर्टच्या खोल्यांत ठेवतात त्या सपातांचं. दोन्ही बुटांत तसंच.

पंचांपैकी एक शेजारचा किराणा दुकानदार होता. तो म्हणाला, “हे तर घरातल्या कुणाचं तरी काम आहे.”

मी आधी वडिलांना बोलावलं. बुटांबद्दल सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “राइडवाल्याने मोजलं नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?”

ते गोंधळले. “म्हणजे… मी फोनवर होतो थोडा वेळ. पण यलो बँड होता ना सर. मग मोजलं असेल कसं?”

“भात जास्त खाल्लास का, असं तो मुलाला काही म्हणाला होता?”

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, “हो. म्हणाला होता. आमचा पोरगा हसला होता.” आणि मग, “तिकिटाच्या वेळी मीच त्याला खाली दाबला होता सर. गंमत म्हणून. तो मुळातच कमी होता, दाबायची गरजही नव्हती.”

ते खोटं बोलले नव्हते. पट्टी पाहून त्यांनी जे गृहीत धरलं, ते डोळ्यांनी पाहिलं असं त्यांना वाटत होतं. माझं वेगळं काही झालं नव्हतं.

आईचा जबाब तिच्या घरी घेतला. बरोबर महिला फौजदार होती. आईने पाणी आणून ठेवलं आणि समोर बसली. मी बुटांचा फोटो टेबलावर ठेवला. तिने तो हातात घेतला नाही.

“कात्री नव्हती खोलीत,” ती म्हणाली. “नेलकटरने कापलं. सुईदोरा तिथल्या किटमधला.”

“तुमच्या मिस्टरांना माहीत होतं?”

“नाही. ते पोहायला गेले होते. पहिल्या दिवशी त्याला परत पाठवलं, तेव्हा मागच्या रांगेतली मुलं त्याला हसली. संध्याकाळी तो जेवला नाही. फक्त बोटभर कमी होता, सर. मला वाटलं, बोटभराने काय होतं.”

“त्याला सांगितलं होतं तुम्ही?”

“हो. म्हटलं, आपलं सीक्रेट. कुणाला सांगायचं नाही.”

महिला फौजदाराचं लिहिणं थांबलं होतं. मी तिला लिही म्हणून खूण केली.

“हे आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं. तिकीटखिडकीवरच्या बाईलाही मी हेच विचारलं होतं.

“बूट तुमच्याकडे होते,” ती म्हणाली. “मी रोज वाट बघत होते, आज कुणी उघडेल. स्वतः येऊन सांगायची हिंमत नव्हती.” मग तिने विचारलं, “तो माणूस अजून आत आहे?”

“हो.”

“किती दिवस झाले?”

“एकवीस.”

“लिहून घ्या,” ती म्हणाली. “सगळं लिहा. मी सही करते. एकच विचारायचं होतं, हे ह्यांना कळेल का?”

खोटं बोलून समोरच्याला बरं वाटायला लावायची मला सवय होती. त्या दिवशी बोललो नाही. फिर्यादी तेच होते, कागद त्यांच्यापर्यंत जाणारच होते. मी म्हणालो, “कळेल.” तिने सही केली. अक्षर टाक्यांसारखंच, सरळ आणि एकसारखं होतं.

न्यायालयात पुरवणी अहवाल दिला. राइडवाल्यावरचं कलम मागे घेतलं, सव्विसाव्या दिवशी तो सुटला. आईवर गुन्हा नोंदवायचा का, हा प्रश्न वरच्यांनी विचारला. मी तिला साक्षीदार केलं. ते कायद्याने बरोबर होतं की नाही यावर अजूनही वाद घालता येईल. पार्कवर वेगळा खटला झाला, तो अजून संपलेला नाही. ते पती-पत्नी दोन-तीन महिन्यांत घर सोडून गेले. एकत्र की वेगवेगळे, मी चौकशी केली नाही.

तपासात पुरावा जमवायला आम्हाला शिकवतात. मी तो जमवला होता, सील केला होता, नोंदवहीत लिहिला होता. तो उघडून पाहायची गरज मला वाटली नाही, कारण मला जे हवं होतं ते एका पिवळ्या पट्टीने आधीच सांगितलं होतं, आणि तेही माझ्या भाषेत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून. कन्नड बोलणारा माणूस पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. माझ्या समजुतीत न बसणारं एकच वाक्य त्या ठाण्यात बोललं गेलं, ते त्याचं भाताचं. त्याला आम्ही हसलो. ‘तुम्ही आपले आहात’ असं कुणी म्हटलं की त्यानंतर मी समोरच्या बाजूचं म्हणणं दोनदा ऐकत असे. उरलेल्या नोकरीत एवढाच बदल मी केला.

राइडवाल्याला पार्कने परत घेतलं नाही. दुसऱ्या कुठल्या पार्कनेही घेतलं नाही. तो पुन्हा पीण्याला गेला, तिथे एका लहान कारखान्यात पहारेकरी झाला. गेल्या महिन्यात हृदयविकाराने गेला. माझ्या जुन्या शिपायाने कळवलं, तेव्हा मी त्याच्या घरी गेलो.

त्याच्या बायकोने मला ओळखलं. ती दारातच उभी राहिली.

“ते म्हणायचे, साहेबांनी बूट उघडले म्हणून मी सुटलो,” ती म्हणाली. “तुमच्याबद्दल वाईट कधी बोलले नाहीत. मी विचारायची, पहिल्या दिवशी का नाही उघडले?”

ती थांबली, मग आत गेली.

ती आता पीण्याला त्या दोन खोल्यांत एकटी राहते. माझं घर तिथून बसने चाळीस मिनिटांवर आहे. मी पुन्हा गेलेलो नाही.