गोमाचं नाव

वाडीत कोणाची कोंबडी हरवली की लोक हसून म्हणत, "गोमा आला वाटतं." गोमा मरून त्याचा पोरगा बापाच्या उंचीचा झाला, तरी हे थांबलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. वाडीने गोमाची मेल्यावरही जाऊ दिली नाही.

गोमा विजेच्या तारा चोरायचा. पोलीस मागे लागले तेव्हा घरातून पळाला आणि आटगावजवळ गाडीखाली सापडला. त्याचा शाम तेव्हा रांगत होता. बापाचा चेहरा काही शामला आठवत नव्हता, पण नावाने त्याला सोडलं नाही. शाळेत कोणाची पेन्सिल गेली की आधी शामचं दप्तर उलटं व्हायचं. पोर निमूटपणे पुस्तकं परत भरायचं. आत मात्र जळायचं.

आता शामलाच मुलगा झाला होता आणि आज त्याचं नाव ठेवायचं होतं. घरात बायका जमल्या होत्या, त्याची बायको अंजू बाळाला घेऊन बसली होती. शामच्या पायाला मात्र भिंगरी लागलेली. आत यायचा, बाहेर जायचा, रस्त्याकडे बघायचा, पुन्हा आत.

वाडीची रीत अशी, की सुईण पाण्यात भाताचे दोन दाणे सोडते आणि घराण्यातल्या मेलेल्या माणसांची नावं घेते. ज्याच्या नावाला दाणे एकमेकांना चिकटले, तो माणूस परत आला. बाळाला त्याचंच नाव.

शामने सुईणीला, म्हाताऱ्या गुणाबाईला, पडवीत गाठलं. "आजी, बापाचं नाव घेव नको."

"का रे?"

"माझ्या पोराचं दप्तर कोनी उलटं करायला नको."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाव घ्यायचं काम माजं. येनं न येनं त्याचं," म्हणाली आणि आत गेली.

रस्त्याकडे तो बघत होता ते हितेशसाठी. वाशिंदचा हा हितेश त्याचा दोस्त. शाम मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसवर झाडांना पाणी घालायचा. ते बंगले शनिवार-रविवारी गजबजायचे, एरवी कुलपात. कुठली खिडकी नीट लागत नाही, शामला ठाऊक. हितेशकडे टेम्पो. दोघांनी एकदा इन्व्हर्टरची बॅटरी उचलली, एकदा पाण्याची मोटर. कोणाला पत्ता लागला नाही. आज भरदुपारी तिसरा बंगला ठरला होता. आपण हे पोरासाठीच करतो, असं शाम स्वतःला समजावत होता. मोठाच शहाणा! पोराला गोमाचं नाव लागू नये म्हणून धडपडायचं, आणि काम गोमाचंच करायचं. आईला, जनाला, यातलं काही ठाऊक नाही अशीही त्याची समजूत होती. चोराच्या बायकोला कोण फसवणार?

गुणाबाईने दाणे सोडले. शामच्या पणज्याचं नाव घेतलं, दाणे लांबच. आजोबाचं घेतलं, तरी लांब. मग तिने शामकडे न बघता म्हटलं, "गोमा."

दाणे सरकले आणि चिकटले. शामला वाटलं, बोट घालून ढवळून टाकावं पाणी. पण तोवर बायकांनी गलका केला होता.

परत आलेल्या माणसाला आधी दटावायचं, हीही रीतच. शेजारची सरस्वती बाळापुढे वाकली. "काय रे गोमा, माजी कोयती नेली व्हतीस, कुठं ठेवलीस?" सगळ्या खो खो हसल्या. अंजूसुद्धा हसली.

तेवढ्यात रस्त्यावर हितेशचा हॉर्न वाजला.

शाम उठला. "जरा जाऊन येतो."

"आज? कुठं?" अंजूने विचारलं.

"काम हाय गो."

हसणं चालूच होतं. जनाने मात्र अंजूच्या मांडीवरून बाळ उचललं. नवऱ्याच्या चोऱ्यांबद्दल तिने आजवर कोणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. बाळाचं तोंड आपल्या तोंडाशी धरून ती बोलायला लागली.

"जाव नको रे गोमा. बाहेर उभा हाय त्याच्यासंगं जाव नको. पोर लहान हाय. तू गेलास तर लोक त्याला चोराचा म्हनतील. तवा मला समदं कळत व्हतं. पन तू रागावशील म्हनून गप बसले. आज नाय बसनार."

जनाने शामकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बायका मात्र त्याच्याचकडे बघत होत्या. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक.

शाम दारात उभा होता. तो आत आला, आईपुढे बसला आणि त्याने बाळासाठी हात पसरले.

"नाय जात, आये," तो म्हणाला.